एक्सेल की पॉवर बीआय: महिन्याच्या आढावा बैठकीचे आकडे कुठे ठेवावेत?

पॉवर बीआय हे मायक्रोसॉफ्टचं अहवाल बनवायचं साधन. डेटा आणायची आणि साफ करायची सोय, पॉवर क्वेरी, एक्सेल आणि पॉवर बीआय दोन्हीकडे आहे, त्यामुळे त्या कामात फारसा फरक पडत नाही. आकारमानाचा मुद्दाही मी ताणणार नाही. एक्सेलच्या एका शीटवर 10,48,576 ओळी मावतात. बहुतेकांना तेवढ्या पुरतात. फक्त जुना एक्सएलएस फॉरमॅट टाळा, तिथे मर्यादा 65,536 आहे. इंग्लंडमध्ये 2020 साली याच फॉरमॅटमुळे 15,841 कोविड रुग्णांच्या नोंदी रोजच्या आकडेवारीतून सुटल्या होत्या.

खरा त्रास फाइलच्या प्रतींचा: प्रत्येक विभाग आपली वेगळी प्रत ठेवतो. विक्री विभाग परत आलेला माल वजा न करता विक्री धरतो. लेखा विभाग परतावा आणि सवलत दोन्ही वजा करतो. दोघांचीही सूत्रं आपापल्या जागी बरोबर असतात. पण मग बैठक ‘तुमचा आकडा वेगळा कसा?’ यातच अडकते आणि भाव वाढवायचा की नाही, हे राहूनच जातं. माझं पारडं झुकलं ते इथेच. पॉवर बीआयमध्ये ‘निव्वळ विक्री’ हे मेजर, म्हणजे नाव दिलेलं सूत्र, सामायिक मॉडेलमध्ये (सगळ्यांसाठी एकत्र जोडलेल्या टेबलांत) एकदा लिहायचं. सगळे अहवाल तेच वापरतात.

नफ्याच्या टक्केवारीतही हा फरक दिसतो. एक ऑर्डर 100 ची, नफा 40 टक्के. दुसरी 900 ची, नफा 10 टक्के. टक्क्यांच्या रकान्याची सरासरी 25 येते. प्रत्यक्षात 1,000 वर 130, म्हणजे 13 टक्के. एकूण नफा भागिले एकूण विक्री असं मेजर केलं, तर ते प्रत्येक गटासाठी नव्यानं मोजलं जातं. मात्र पॉवर बीआयमध्येही टक्केवारीचा कॉलम करून सरासरी घेतलीत, तर तीच चूक होते.

डॅक्स, म्हणजे मेजर लिहायची सूत्रभाषा, शिकायला वेळ लागतो, हे मान्य. तारखांचं वेगळं, सलग टेबल ठेवा. मध्ये दिवस गळाले तर मागच्या वर्षाशी तुलना बिघडते. दोन टेबलांमध्ये दुहेरी (दोन्ही दिशांनी लागणारा) फिल्टर शक्यतो नको, बेरजा बदलतात आणि कारण सापडत नाही. पॉवर बीआयच्या प्रो परवान्यात नियोजित रिफ्रेश, म्हणजे ठरल्या वेळी डेटा ताजा होणं, दिवसाला 8 वेळाच होतो; तासातासाला साठा पाहून निर्णय घेणाऱ्यांना तो कदाचित अपुरा पडेल.

अंदाजपत्रक, ‘भाव 5 टक्के वाढवला तर?’ असली गणितं, गोल सीक (हवं ते उत्तर यायला कोणता आकडा लागेल ते शोधणं) यांसाठी एक्सेलच सोयीचं वाटतं. फाइल एकच माणूस हाताळत असेल, तर बदलायची घाई नको. तीन-चार विभाग असतील, तर एक्सेलची पिव्होट टेबलं (सारांश तक्ते) पॉवर बीआयच्या मॉडेलला जोडा. सवयीची शीट राहते, व्याख्या मात्र एकच.