फुकट दिलेला पंखा आणि ७८,०५० रुपयांचा गिअरबॉक्स

आधी आकडे मांडतो. माझ्या होडीच्या इंजिनाचा 'नवा' गिअरबॉक्स ६८,५००. मजुरी ४,५००. सील, ऑइल आणि वॉटर पंपचं किट ३,८५०. शाफ्ट लेथवर तपासल्याचे १,२००. एकूण ७८,०५० रुपये. त्यातले १५,००० आगाऊ, उरलेले ६३,०५० काम झाल्यावर, दोन्ही वेळा मोबाइलवरून. पंखा, म्हणजे पाण्यात फिरून होडी ढकलणारा, मात्र मिस्त्रीने फुकट दिला. "भाऊ, एवढं मोठं काम दिलंत, पंखा माझ्याकडून." सगळी गोम त्या पंख्यातच आहे, पण ती कळेपर्यंत माझे पैसे गेले होते.

झालं असं. ओहोटीला परत येताना पाण्याखालच्या एका मोडक्या खुंटावर इंजिन आदळलं. १५ एचपीचं, दोन स्ट्रोकचं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन. धक्क्याने इंजिन वर उचललं गेलं, मी लगेच बंद केलं. पंख्याच्या एका पात्याचं टोक मुडपलं होतं, बाकी वरून काही दिसेना. पुन्हा चालू केलं तर हळू चालवताना होडी नीट पुढे जायची, मागेही यायची. थ्रॉटल वाढवला की इंजिन किंचाळायचं आणि होडी जागच्या जागी. गिअर खटखटत नव्हता, घासत नव्हता, धड पडत होता. ज्यांना इंजिनातलं कळतं ते इथेच म्हणतील, अरे, पंख्याचं रबर सुटलंय! पंख्याच्या मधोमध शाफ्टवर बसणारं रबरी बूश असतं. आदळल्यावर ते सरकतं आणि आतले गिअर वाचवतं. त्याचं कामच ते. माझ्या आधीच्या लहान इंजिनाला शेअर पिन होती, आदळल्यावर मुद्दाम तुटणारी बारीक पिन. ती तुटली की पंखा फिरतच नाही आणि माणसाला कळतं. इथे पंखा अर्धामुर्धा फिरत होता. मी मेकॅनिक नाही, होडी चालवतो. कळण्यासारखं नव्हतं, हे मी आजही म्हणेन.

मिस्त्री ओळखीतून आलेला. किनाऱ्यावर येऊन त्याने पंखा हाताने फिरवला, कान लावला, तोंड वाकडं केलं आणि खालचा अख्खा गिअरबॉक्स सोडवून घेऊन गेला. नंतर फोन: "भाऊ, ऑइलचं दूध झालंय." मी गेलो तर डब्यात पांढरट ऑइल, आणि त्याच्या तळहातावर लोखंडाचे कपचे. पाणी शिरलं की गिअर ऑइल दुधाळ होतं, खरं आहे. सील गेले की पाणी शिरतं, हेही खरं. कपचे निघाले म्हणजे दात तुटले, तेही खरं. त्याचं एकेक वाक्य खरं होतं. फक्त ते ऑइल माझ्या इंजिनातलं आहे हे मला त्या डब्याने सांगितलं नव्हतं. कोणतंही ऑइल थोडं पाणी घालून हलवा, दूध होतं. कपचे तर वर्कशॉपच्या फरशीवर पडलेलेच असतात.

म्हणून सांगतो, ऑइल तुमच्या डोळ्यांदेखत काढायला लावा. इंजिन रात्रभर उभं ठेवा. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि खालचा स्क्रू सैल केला की आधी बाहेर येतं. स्क्रूला लोहचुंबक असेल तर त्यावर बारीक करडी लव दिसेल, तिला घाबरू नका, ती झिजेची असते. टोचणारे तुकडे असतील तरच घाबरा.

"दात दुरुस्त होत नाहीत, अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागेल, कंपनीचा नवा मागवतो." मी जुना परत मागितला, हे ठासून सांगतो, नाहीतर लोक म्हणतील मागायला हवा होतास. मागितला होता! तो म्हणाला, जुना कंपनीला परत पाठवला म्हणूनच हा भाव मिळाला. नाहीतर ८०,००० च्या वर गेलं असतं. हंगाम चालू, होडी किनाऱ्यावर पडून, अशा वेळी माणूस किती वाद घालणार?

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. गिअरबॉक्स बसवून झाला. काळा कुळकुळीत, चकचकीत. मी वाकून बघत होतो. पंख्याच्या वरच्या आडव्या पत्र्याखाली झिंकचा तुकडा बसवलेला असतो. खारं पाणी आधी त्याला खातं, म्हणजे गिअरबॉक्सचं अ‍ॅल्युमिनियम वाचतं. हा तुकडा अर्धा खाल्लेला होता. कडा कुरतडलेल्या, मध्ये खड्डे. आणि त्यावरून रंग मारलेला! झिंकवर रंग कधीच मारत नाहीत, रंगाखाली ते कामच करत नाही. नव्या गिअरबॉक्सचं झिंक अर्धं झिजलेलं कसं असेल? मी बोट फिरवलं. विचारलंसुद्धा. "ते पॅकिंगमध्ये घासलं जातं, भाऊ." आणि मी मान हलवली. शेजारीच ऑइलचे स्क्रू होते, त्यांच्या खाचा स्क्रूड्रायव्हर घसरून घसरून गोल झालेल्या. तेही दिसलं होतं. डोळे उघडे होते, पण मनात घरी लवकर जायचं होतं आणि हातात मोबाइल होता. ६३,०५० तिथेच गेले.

बिल? साध्या कागदावर हाताने लिहिलेलं. जीएसटी नंबर नाही, पार्टचा नंबर नाही, खोका नाही. खोका बघायला मागा. आणि पार्टच्या खोक्यावरचा नंबर बिलावर लिहून घ्या.

पुढचं लवकर सांगतो. गिअर पडून सटकायला लागला, खटखट वाढली. दुसऱ्या मिस्त्रीकडे नेलं. त्याने माझ्यासमोर उघडलं. क्लचच्या डॉगचे, म्हणजे गिअर पकडणाऱ्या दातांचे, कोपरे झिजून गुळगुळीत, पिनियनच्या, म्हणजे लहान गिअरच्या, दातांवर खड्डे, सील दगडासारखे कडक. "हा वर्षानुवर्षं चाललेला माल आहे," तो म्हणाला. मग मी त्याला पहिल्या दिवसाची लक्षणं सांगितली. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "तुमचा गिअरबॉक्स ठणठणीत असणार. पंख्याचं रबर बदलायला हवं होतं, बस्स." म्हणजे फुकट मिळालेला पंखा हीच मला लागणारी सगळी दुरुस्ती होती. बाकीच्या ७८,०५० रुपयांत मी स्वतःचा चांगला गिअरबॉक्स पहिल्या मिस्त्रीला देऊन त्याचं भंगार विकत घेतलं.

रबर सरकतंय का ते बघायला मिस्त्री लागत नाही. पंख्याच्या मागून, आतल्या नळीवरून बाहेरच्या नळीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा, होडी जोरात चालवून आणा. रेघ तुटून दोन ठिकाणी गेली तर रबर गेलं. शाफ्ट वाकलाय का बघायचं तर प्लगच्या वायरी काढा, गिअर न्यूट्रलला, पंखा काढून शाफ्टच्या टोकाशी पेन्सिल धरा आणि हाताने फिरवा. टोक पेन्सिलीला शिवत-सुटत राहिलं तर वाकलाय. १,२०० रुपयांच्या लेथची गरज नाही.

आणि आता सरकार दरबारचं. पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाला, "हा दिवाणी मामला आहे, तुमचं तुम्ही मिटवा." दुरुस्तीला दिलेली वस्तू परस्पर ठेवून घेतली, जुनी वस्तू नवी म्हणून विकली, हा दिवाणी मामला? भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताला कलम ३१६ आहे, फसवणुकीला ३१८ आहे. ते सांगितल्यावर त्याने वर बघून विचारलं, "वकील आहात का?" होडीची नोंद असलेल्या कार्यालयात गेलो तर म्हणे नोंद इंजिनाच्या नंबरची, आणि तुमचं इंजिन तर तुमच्याकडेच आहे! खरंय. नंबर वर असतो, इंजिन अडकवण्याच्या ब्रॅकेटवर. खालच्या गिअरबॉक्सवर माझ्या इंजिनाला कुठलाच नंबर नव्हता. चोराला हे पोलिसांपेक्षा आधी माहीत. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पिन टाकून पाठवलेत. इंजिनाच्या विक्रेत्याने बाहेर काम केलंत म्हणून हात वर केले. ग्राहक तक्रारीसाठी गेलो तिथला बाबू तर थोरच: "होडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही." साफ चूक! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगाराने स्वतःचं पोट भरण्यासाठी वापरलेली वस्तू व्यापारी धरत नाहीत. टेबलापलीकडे बसून पगार घेणाऱ्याला हे माहीत नसावं, आणि वर 'पुढच्या आठवड्यात या'. पुढच्या आठवड्यात तोच बाबू रजेवर!

तुमच्यावर ही वेळ आली तर टेबलांपुढे उभे राहू नका. पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, पोच जपून ठेवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मिस्त्रीच्या गावी जायची गरज नाही. तुम्ही मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, मुदत २ वर्षांची. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर तक्रार घरबसल्या दाखल होते. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. मी तक्रार दाखल केली आहे. दुसऱ्या मिस्त्रीकडून झिजलेल्या भागांबद्दल लेखी घेतलं, फोटो काढले, आणि त्या रंगवलेल्या झिंकचा फोटो सगळ्यात वर लावला.

गिअरबॉक्स सोडवायला देण्याआधी त्यावर आतल्या बाजूला खूण करा, फोटो काढा. माझ्या गेलेल्या गिअरबॉक्सवर खूण आहे: स्केगच्या, म्हणजे पंख्याखालच्या उभ्या पात्याच्या, टोकाला आर्गॉन वेल्डिंगचा जुना टाका, आणि खालच्या ऑइल स्क्रूच्या डावीकडे पंचने मारलेले तीन ठिपके. १५ एचपीचा असा गिअरबॉक्स कुणी 'थोडा वापरलेला' म्हणून दाखवला, तर पैसे देऊ नका. ठिपक्यांचा फोटो काढा, विकणाऱ्याचं नाव लिहून घ्या आणि आधी मला कळवा.