लॉक बटण आलं, तरी रिव्हर्स सुटत नाही

जुन्या शिलाई मशीनला टीप पक्की करायला रिव्हर्सची, म्हणजे उलटं शिवायची, खिट्टी तेवढी होती. आताच्या इलेक्ट्रॉनिक मशीनला शिवाय लॉकचं बटण आहे. ते दाबलं की मशीन जागच्या जागी चारदोन बारीक टाके घालतं आणि थांबतं. काही महिने सगळ्या प्रकारचं कापड शिवून झाल्यावर सांगते, बटण कामाचं आहे, पण सगळीकडे नाही.

शिफॉन, जॉर्जेट, पातळ अस्तर यांना लॉकच बरं. रिव्हर्सने तिथे तीन पदरी टीप होऊन टोक कडक लागतं आणि चुण्या दिसतात. मात्र लॉक अगदी कडेवर घेऊ नका. कापड सुईखालच्या पट्टीच्या भोकात ओढलं जातं. थोडं आत सुरू करायचं आणि दोन्ही दोरे मागे धरून ठेवायचे. नक्षीच्या टाक्यांनाही लॉक हवंच, कारण रिव्हर्सने नक्षी परत जुळत नाही.

जिथे ताण येतो तिथे मात्र माझा बटणावर भरवसा नाही. खिशाचं तोंड, चेनची टोकं, पिशवीचे बंद यांना लॉक केलं तर सगळा जोर एकाच ठिपक्यावर येतो. रिव्हर्सने तो सेंटीमीटरभर टिपेत वाटला जातो. जाड जीन्सवर तर लॉकची गुठळीच होते.

टक्स म्हणजे कपड्याला आकार द्यायला घातलेली निमुळती चुणी; तिच्या टोकाला दोन्ही नकोत. टोक जवळ आलं की टाका दीड मिलिमीटरवर आणते, शेवटचे टाके घडीच्या अगदी कडेने नेते, सुई कापडाबाहेर जाऊ देते. बोटभर दोरे ठेवून हाताने गाठ. रिव्हर्स घेतलं की नेमका तिथेच फुगवटा येतो, आणि तो इस्त्रीनेही बसत नाही. वरून दिसणाऱ्या टिपेलाही गाठच: उलट्या बाजूने बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, दोरा हलकेच ओढला की वरच्या दोऱ्याचा फासा डोकावतो, तो टाचणीने खाली घ्यायचा. रेक्झिनला तर सुईची भोकं बुजतच नाहीत; रिव्हर्सने तिथे फाटायची रेघ आखून दिल्यासारखं होतं.

माझी खरी तक्रार आपोआप दोरा कापणाऱ्या कात्रीबद्दल आहे. लॉकबरोबर ती चालू राहिली की दोरा इतका तोकडा उरतो की गाठ मारायला चिमटीत येत नाही. टक्स शिवताना ती बंदच ठेवते.