मध्यम आकाराच्या कंपनीसाठी ड्रुपल: एक परीक्षण

तीन-चारशे कर्मचारी, चार-पाच विभाग आणि मराठी, हिंदी व इंग्रजीत उत्पादनांची माहिती देण्याची गरज असलेली कंपनी नवे संकेतस्थळ उभारायला घेते, तेव्हा संकेतस्थळ बनवून त्यातला मजकूर सांभाळणाऱ्या प्रणालींत पहिले नाव वर्डप्रेसचे निघते. ते स्वाभाविकही आहे, कारण जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्यावर चालतात आणि ते जाणणारी माणसे पुण्यात काय, कोल्हापुरात काय, सहज मिळतात. तरीही अशा कंपनीने आधी ड्रुपल ही त्याच प्रकारची मोफत प्रणाली पाहावी असे माझे मत आहे. अट एकच, आणि ती देखभालीची.

ड्रुपलची ताकद मजकुराच्या मांडणीत आहे. पाण्याच्या पंपाचे पान घ्या. अश्वशक्ती, पाइपचा व्यास, किंमत, माहितीपत्रक असे रकाने एकदा ठरवून दिले की प्रत्येक नवे उत्पादन त्याच साच्यात भरले जाते, आणि तीच माहिती यादीत, तुलनेच्या तक्त्यात किंवा मोबाइल ॲपमध्ये पुन्हा टाइप न करता वापरता येते. अशा याद्या तयार करणारे ‘व्ह्यूज’ हे मॉड्यूल (जोडभाग) २०१५ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून मूळ संचातच, म्हणजे ड्रुपलसोबत येणाऱ्या भागातच, आहे. मसुदा कोणी लिहायचा, कोणी तपासायचा आणि प्रसिद्ध कोणी करायचा, हे टप्पेही मूळ संचातूनच आखता येतात. विक्री विभागाने उत्पादनांची पाने बदलावीत, पण बातम्यांना हात लावू नये, एवढी साधी अपेक्षा वर्डप्रेसच्या पाच तयार भूमिकांत (कोणाला काय करता येईल हे ठरवणाऱ्या वर्गांत) बसत नाही. त्यासाठी प्लगइन (वर्डप्रेसचा जोडभाग) किंवा स्वतंत्र कोड लागतो.

भाषांच्या बाबतीत फरक अधिक ठळक आहे. ड्रुपलमध्ये अनुवादाची मॉड्यूल मूळ संचात आहेत, तर वर्डप्रेसला त्यासाठी वेगळे प्लगइन घ्यावे लागते. शिवाय मराठी शीर्षकावरून वर्डप्रेस पानाचा वेब-पत्ता (यूआरएल) बनवते, तेव्हा प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ रोमन चिन्हे होतात आणि त्या भागाला २०० चिन्हांची मर्यादा असल्याने साधारण बाविसाव्या चिन्हापाशी पत्ता तुटतो. ड्रुपलमध्ये ‘पाथऑटो’ हे मॉड्यूल बसवून रोमन पत्ते करता येतात, मात्र ती रूपे ओबडधोबड असतात आणि महत्त्वाच्या पानांचे पत्ते हाताने लिहिलेलेच बरे.

आता अटीकडे. ड्रुपलसाठी परवाना शुल्क नाही; खर्च होतो तो माणसांवर. अकराव्या आवृत्तीला सर्व्हरवर पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेची ८.३ आवृत्ती लागते, अपडेट कंपोझर या आज्ञा टाइप करून चालवायच्या साधनाने करावे लागतात आणि स्वस्तातले शेअर्ड होस्टिंग (अनेक संकेतस्थळांनी वाटून घेतलेला सर्व्हर) बहुधा पुरत नाही. सुरक्षेच्या सूचना बुधवारी निघतात, त्याही भारतीय वेळेनुसार रात्री. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी एक गंभीर त्रुटी जाहीर झाली, तेव्हा सात तासांत दुरुस्ती न केलेली संकेतस्थळे घुसखोरांच्या ताब्यात गेली असे समजूनच चालावे, असे ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने नंतर सांगितले. ते सात तास आपल्याकडे पहाटे साडेचारला संपले होते. सकाळी दहाला कार्यालयात येऊन अपडेट पाहणाऱ्या कंपनीला ही व्यवस्था झेपणार नाही.

जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘ड्रुपल सीएमएस’ या तयार संचामुळे सुरुवात सोपी झाली आहे. देखभाल मात्र तशीच राहिली आहे. एकाच भाषेत, एकाच व्यक्तीच्या हातून बातम्या आणि माहितीपत्रके टाकायची असतील, तर मी निःसंकोच वर्डप्रेस सुचवेन. ड्रुपल घ्यायचे ठरल्यास कोडचे भांडार (संकेतस्थळाचा सगळा कोड साठवण्याची जागा) आणि होस्टिंगचे खाते कंपनीच्याच नावावर असावे, आणि बुधवारी रात्री दुरुस्ती कोण करणार हे कंत्राटात आधीच लिहून घ्यावे.