यूव्ही फिल्टर, दहा महिन्यांनंतर: ट्यूब पेटली म्हणजे काम झालं असं नाही

गेल्या मे महिन्यात आमच्या धाकट्याचं पोट तीन आठवडे बिघडलेलं होतं. ताप नाही, पण पोट फुगायचं, ढेकरांना कुजक्या अंड्यासारखा वास यायचा आणि पोर नुसतं वाळत चाललेलं. शेवटी शी तपासली तेव्हा जिआर्डिया हा पोटातला परजीवी निघाला. औषधाने तो बरा झाला. जूनमध्ये पहिला पाऊस पडायच्या आत आम्ही ओट्यावर यूव्ही फिल्टर बसवला, म्हणजे आतल्या ट्यूबच्या अतिनील किरणांनी पाण्यातले जंतू निकामी करणारा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं सगळं कुठल्याही यूव्हीला लागू आहे.

पाण्यातले क्षार काढणारा आरओ फिल्टर घेतला नाही, ह्याचं आजही समाधान आहे. मुंबईला पाणी येतं ते तलावांचं, मुळात क्षार कमी असलेलं. आमच्या गिरगावातल्या नळाला टीडीएस (विरघळलेले क्षार) लिटरला ऐंशी मिलिग्रॅमच्या आतच भरला. आरओमध्ये बादलीभर पाणी मोरीत जातं, ते कशासाठी घालवायचं? भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून पाणी गाळून, क्लोरीन घालून येतं. आमची खरी काळजी होती ती इमारतीच्या जुन्या पाइपांची आणि जमिनीखालच्या टाकीची.

मग क्लोरीन पुरत नाही का? जिवाणूंना पुरतं. पण जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे परजीवी पाण्यात कवच पांघरून राहतात. जिआर्डियाला क्लोरीन बराच वेळ मिळावं लागतं, आणि क्रिप्टोवर तर त्याचा जवळपास काहीच परिणाम होत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्याच पाण्यातून अंदाजे चार लाख लोक क्रिप्टोने आजारी पडले होते. २५४ नॅनोमीटरची अतिनील किरणं मात्र ते कवच न फोडताच आत पोचतात आणि डीएनए बिघडवतात. जंतू मरून पडतोच असं नाही, पण पोटात गेल्यावर त्याची पैदास होत नाही, म्हणून आजारही होत नाही. त्याला किरणांची मात्राही थोडी लागते. अमेरिकेच्या २००६ च्या नियमांत ९९.९ टक्के क्रिप्टो निकामी करायला चौरस सेंटिमीटरला १२ मिलिज्यूल धरले आहेत. काही विषाणूंना ह्याच्या दसपट लागते, तेव्हा यूव्ही म्हणजे सगळ्यावर उतारा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मात्रा म्हणजे किरणांची तीव्रता गुणिले पाणी ट्यूबपाशी राहिलं तो वेळ. हे मला ऑगस्टमध्ये नीट कळलं. सर्व्हिसला आलेला मुलगा जाता जाता म्हणाला, "ताई, धार बारीक होती ना, मोठी करून दिली." मीही खूश झाले. संध्याकाळी लिटरची बाटली भरताना खटकलं. पूर्वी तीस सेकंद लागायचे, आता चौदा! त्याने धार आवरणारी छोटी रबरी चकतीच काढून टाकली होती. पाणी दुप्पट वेगाने जातंय म्हणजे मात्रा निम्मी. मला मनापासून राग आला, कारण निळा उजेड तसाच दिसत होता आणि घरातल्या कुणालाही कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी फोन करून चकती परत बसवून घेतली. तेव्हापासून महिन्याच्या एक तारखेला घड्याळ लावून बाटली भरते.

दुसरी गोष्ट गढूळपणाची. जुलैत दोन दिवस नळाला चहाच्या रंगाचं पाणी आलं. मातीच्या कणाआड लपलेल्या जंतूवर किरणं पडतच नाहीत. सासूबाईंनी पिंपात तुरटी फिरवली, रात्रभर गाळ बसू दिला, वरचं पाणी गाळून उकळलं. ते दोन दिवस फिल्टर बंदच ठेवला. गाळाची कँडल बाहेर काढली तर पांढरीची विटकरी झालेली आणि बोटाला चिकट लागत होती. कंपनी सहा महिन्यांनी बदला म्हणते, मी पावसाळ्यात दोनदा बदलली. ट्यूबभोवतीच्या काचेच्या नळीवरही गंजाचा पिवळट थर होता, तो मेकॅनिककडून पुसून घेतला. ट्यूब उघडी असताना तिच्याकडे बघू नका, डोळ्यांना इजा होते.

आमची ट्यूब अकरा वॉटची आहे आणि दिवसभर चालू असते, महिन्याला आठेक युनिट जातात. रात्रभर आत साठलेलं पाणी सकाळी कोमट येतं, ते पहिलं तांब्याभर मी तुळशीला घालते. वीज गेली की गॅसवर उकळतो. आणि क्लोरीनसारखा यूव्हीचा अंमल मागे राहत नाही. कळशीत कुणी हात बुडवला की झालं. म्हणून तोटीचा स्टीलचा पिंप घेतला, रोज घासतो.

दहा महिन्यांत धाकट्याचं पोट एकदाही तसं बिघडलं नाही. औषध, हात धुणं, बाहेरचं बंद, सगळ्याचाच त्यात वाटा असेल, तरी मी हा फिल्टर पुन्हा घेईन. ट्यूबचं आयुष्य साधारण ९,००० तास, म्हणजे अखंड चालली तर वर्षभर. नंतरही ती पेटते, पण आपल्याला दिसतो तो निळा उजेड काम करत नसतो, आणि काम करणारी किरणं दिसत नाहीत. मेच्या शेवटी बदलायची म्हणून आतल्या झाकणावर तारीख लिहून ठेवली आहे.