दादरचा परदेशगमन पूर्वतयारी वर्ग : इतिहासाला पैकीच्या पैकी, सल्ल्याला काठावर पास

दादर पश्चिमेला शनिवार-रविवारी भरणाऱ्या या पूर्वतयारी वर्गाच्या जाहिरातीत ‘तिकडचे लोक आपल्याकडे कसे पाहतात’ या सत्राला सर्वांत वर स्थान दिलेले असते. माझी भाची परिचारिका म्हणून जर्मनीतील स्टुटगार्टला निघाली असल्याने आणि पालकांनाही निम्म्या शुल्कात बसू देत असल्याने मी तिच्याबरोबर संपूर्ण वर्ग ऐकला. उमेदवाराचे शुल्क साडेचार हजार रुपये आहे. संस्थेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण ठाणे, बोरिवली आणि अंधेरीत चालणाऱ्या अशा वर्गांचा साचा बहुतेक सारखाच असतो आणि पुढे जे लिहिले आहे ते कोणत्याही वर्गात पैसे भरण्यापूर्वी तपासून पाहता येईल.

कागदपत्रे, बँक खाते, विमा, सामानाचे वजन वगैरे गोष्टींचे पहिले सत्र नीटनेटके होते. मात्र ही माहिती दूतावासांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळते, त्यामुळे तेवढ्यासाठी कोणी पैसे भरू नयेत. या वर्गाचे खरे मोल स्थलांतरितांविषयीच्या इतिहासाच्या सत्रात आहे. ते घेणाऱ्या बाईंनी स्वतः जर्मनीत अनेक वर्षे नोकरी केलेली आहे. ‘जर्मन माणूस शिस्तप्रिय असतो’ अशा छापाच्या वाक्यांनी सुरुवात न करता त्यांनी थेट १९५५ साल गाठले. त्या वर्षी पश्चिम जर्मनीने इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी मजूर आणण्याचे करार केले. ही माणसे काही वर्षे कारखान्यांत राबून परत जातील, असे सरकारने गृहीत धरले होते. १९७३ मध्ये भरती थांबवण्यात आली तेव्हा परत गेल्यास पुन्हा येता येणार नाही हे ओळखून अनेकांनी तेथेच मुक्काम ठेवला आणि बायका-मुलांना बोलावून घेतले. तरीही तेथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांना जन्माच्या आधारावर नागरिकत्व मिळू शकेल असा कायदा लागू व्हायला २००० साल उजाडावे लागले. तेथे जन्मलेली, तेथील शाळेत शिकलेली एक अख्खी पिढी कागदोपत्री परकीच राहिली होती. जून २०२४ पासून नागरिकत्वासाठी लागणारे वास्तव्य आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आले आणि मूळ नागरिकत्व सोडण्याची जर्मनीची अटही गेली. अर्थात भारत दुहेरी नागरिकत्व देत नसल्याने या दुसऱ्या सवलतीचा आपल्याला उपयोग नाही, हेही बाईंनी लगेच स्पष्ट केले.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी (स्टुटगार्ट ही त्याची राजधानी) कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून अशा वर्गांना गर्दी वाढली आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी-शहरे असल्याचे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते. झोलिंगनचा उल्लेख मात्र कोणत्याच जाहिरातीत नसतो. १९९३ मध्ये त्या गावात एका तुर्की कुटुंबाचे घर पेटवून देण्यात आले आणि त्यात ५ मुली व स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. पुढे २००० ते २००६ या काळात नवनाझी टोळीने स्थलांतरित मूळ असलेल्या ९ जणांचे खून केले, तेव्हा पोलिसांनी वर्षानुवर्षे संशय घेतला तो मृतांच्याच नातेवाइकांवर आणि ओळखीच्या लोकांवर. बाईंनी हा भाग आवाज न चढवता, न घाबरवता सांगितला आणि त्याच्या जोडीला हेही सांगितले की त्याच देशात आज रुग्णालये परदेशी परिचारिकांवाचून चालवणे कठीण झाले आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात हे निघण्यापूर्वी कानावर पडणे फार गरजेचे होते.

या सत्रात सर्वांत जास्त चर्चा झाली ती संख्या आणि द्वेष यांच्या नात्यावर. जेथे परके जास्त तेथे त्यांच्याविरुद्ध राग जास्त, असे आपण सहज गृहीत धरतो. जर्मनीच्या फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरविरोधी एएफडी पक्षाला देशभरात सुमारे २१ टक्के मते मिळाली. पण पूर्वेकडील ज्या पाचही राज्यांत तो पहिल्या क्रमांकावर राहिला, तेथे परदेशी नागरिकांचे प्रमाण पश्चिमेपेक्षा कमी आहे. ब्रिटनमध्येही लंडनच्या लोकसंख्येतील एक तृतीयांशाहून अधिक लोक परदेशात जन्मलेले असताना त्या शहराने २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने सुमारे ६० टक्के मते दिली, आणि लिंकनशरमधील बॉस्टन या लहानशा शेतीप्रधान गावाने बाहेर पडण्याच्या बाजूने ७५ टक्क्यांहून अधिक. बॉस्टनमध्ये २००४ नंतर पूर्व युरोपातील शेतमजूर फार थोड्या काळात मोठ्या संख्येने आले होते. एकूण संख्येपेक्षा बदलाचा वेग आणि रोजच्या ओळखीचा अभाव लोकांना जास्त अस्वस्थ करतो, असा बाईंचा निष्कर्ष होता. त्यावर मागच्या रांगेतील एका गृहस्थांनी घरभाडी वाढली, दवाखान्यात नंबर लागेना, तर गाववाल्यांनी रागवायचे नाही का, असा रास्त प्रश्न केला. बाईंनी तो झटकून टाकला नाही. घरे आणि दवाखाने वाढवणे हे सरकारचे काम असते आणि ते झाले नाही की दोष नव्याने आलेल्याच्या माथी मारणे सर्वांनाच सोयीचे पडते, असे त्या म्हणाल्या. हे उत्तर मला पटले. गृहस्थांना पटले असावे असे चेहऱ्यावरून वाटले नाही.

ऑस्ट्रेलियाचा भाग त्यांनी प्रात्यक्षिकातून शिकवला. १९०१ च्या कायद्याने तेथे आलेल्या नकोशा माणसाला अधिकाऱ्याच्या मर्जीतील कोणत्याही युरोपीय भाषेतील ५० शब्दांचा उतारा ऐकून लिहून दाखवावा लागे. बाईंनी सर्वांना कागद वाटले आणि जर्मन भाषेतील असाच उतारा भराभर वाचला. जर्मनची बी-वन ही मधली पातळी झालेल्या परिचारिका तिसऱ्या वाक्यापर्यंत तग धरून होत्या, बाकीच्यांनी पेन खाली ठेवले. त्या मुली विजयी मुद्रेने इकडेतिकडे पाहू लागल्या तेव्हा बाई म्हणाल्या, “तुम्हांला जर्मन येते हे आता अधिकाऱ्याला कळले आहे, त्यामुळे पुढचा उतारा पोर्तुगीजमधून.” १९३४ मध्ये अनेक भाषा येणाऱ्या एगॉन किश या पत्रकाराची परीक्षा खरोखरच स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत घेतली गेली होती आणि नंतर तेथील उच्च न्यायालयाने ती अवैध ठरवली. ही पद्धत १९५८ मध्ये बंद झाली, वंशभेदाला बंदी करणारा कायदा १९७५ मध्ये आला, आणि तरीही ऑगस्ट २०२५ मधील स्थलांतरविरोधी मोर्चांच्या पत्रकांत भारतीयांचा नाव घेऊन उल्लेख होता. नियम सर्वांना सारखा दिसतो आणि वापरला मात्र ठरावीक माणसांवरच जातो, हे इतक्या थोडक्या वेळात कोणी समजावलेले मी पाहिले नव्हते.

कॅनडाचे सत्र दुसऱ्या प्रशिक्षकांकडे होते आणि तेथे पातळी एकदम घसरली. “कॅनडा म्हणजे आपलेच घर” हे वाक्य त्यांनी वारंवार ऐकवले. १९६७ ची (शिक्षण, भाषा वगैरेंना गुण देऊन स्थलांतरित निवडण्याची) गुणपद्धती आणि १९७१ चे बहुसांस्कृतिक धोरण यांची माहिती बरोबर होती, पण पडद्यावरच्या सरकत्या पानांवर त्यानंतर जणू काही घडलेच नव्हते. कॅनडात स्थलांतर फार जास्त होत आहे असे मानणाऱ्यांचे प्रमाण एन्व्हायरॉनिक्स संस्थेच्या पाहणीत २०२२ मध्ये २७ टक्के होते, ते २०२४ मध्ये ५८ टक्क्यांवर गेले. घरांची टंचाई हे त्याचे एक मोठे कारण लोकांनी दिले आणि २०२४ च्या आरंभीच सरकारने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. समोर बसलेल्या निम्म्या मुलांच्या पालकांनी कर्ज काढलेले असताना हे न सांगणे मला गैर वाटले. १९१४ मध्ये ३७६ भारतीय प्रवाशांपैकी बहुतेकांना व्हँकुव्हरच्या बंदरातूनच परत पाठवल्या गेलेल्या कोमागाटा मारू जहाजाचा उल्लेखही झाला नाही. आखाती देशांचा विषय तर एका पानावर उरकला. रत्नागिरी-रायगडातून पिढ्यानपिढ्या माणसे तेथे जात आली आहेत आणि कामगाराचे वास्तव्य मालकाशी बांधणारी कफाला पद्धत त्यांच्या रोजच्या जगण्याशी निगडित आहे. पण साडेचार हजार भरून दादरला येणारी मंडळी वेगळी असल्यामुळे आखातात जाणाऱ्यांचा विचार कोणी केलेला दिसला नाही.

हस्तपुस्तिकेबद्दल माझी तक्रार सर्वांत मोठी आहे. रात्री दहानंतर आवाज करू नये, रविवारी भिंतीला ड्रिल लावू नये, फोडणी देताना खिडकी उघडावी, कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकावा, हा सल्ला व्यवहार्य आहे आणि तो पाळावाच. परंतु या यादीचे शीर्षक ‘वंशभेद कसा टाळाल’ असे आहे, आणि हे शीर्षक चुकीचे आहे. झोलिंगनचे घर फोडणीच्या वासामुळे पेटवले गेले नव्हते. चांगल्या वागणुकीने शेजार सुधारतो हे खरे, पण भेदभाव झाला तर आपलेच काहीतरी चुकले असणार, असे बावीस वर्षांच्या मुलीच्या मनावर बिंबवून तिला परदेशी पाठवणे धोक्याचे आहे. ती मग तक्रारच करत नाही. त्याच पुस्तिकेत काही विशिष्ट देशांच्या लोकांच्या वस्तीत घर घेऊ नये, असेही छापले आहे. भेदभाव सोसायची तयारी करून घेणाऱ्या वर्गाने भेदभावाचा पहिला धडाही स्वतःच द्यावा, याला काय म्हणावे!

याउलट जे छापायला हवे होते ते नाही. जर्मनीत २००६ च्या समान वागणूक कायद्याखाली नोकरीतील भेदभावाची भरपाई मागायची असेल तर साधारणपणे दोन महिन्यांत लेखी दावा करावा लागतो. संघराज्याचे भेदभावविरोधी कार्यालय मोफत सल्ला देते. ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा नोकरी, घर आणि दुकाने-सेवा यांना लागू आहे. कोणीतरी विचारले म्हणून बाईंनी हे तोंडी सांगितले आणि तारीख, वेळ, साक्षीदार यांची वहीत नोंद ठेवण्याचा सल्ला दिला. माझ्या मते वर्गातील सर्वांत उपयोगी दहा मिनिटे हीच होती.

शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी बाईंनी एक साधा प्रश्न विचारला. मुंबईत भाड्याने घर पाहताना आडनाव, जात किंवा मांसाहार यांविषयी कोणाला विचारणा झाली आहे? निम्म्याहून अधिक हात वर गेले. एका मुस्लिम मुलीने सांगितले की फोनवर मोकळे असलेले घर नाव सांगताच “आत्ताच गेले” असे होते. मग घरमालक असणाऱ्यांपैकी कोणी अशी विचारणा केली आहे, असे बाईंनी विचारले तेव्हा सगळे जमिनीकडे पाहू लागले. एक काका तेवढे “तो सोसायटीचा नियम असतो” म्हणाले. ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्याने घर देताना वंशावरून नकार देण्यास बंदी झाली. आपल्या राज्यघटनेचे १५ वे कलम शासनाला आणि दुकाने, उपाहारगृहे अशा सार्वजनिक जागांना बांधते, पण खाजगी घरमालकाला नाही. आणि २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सदस्यत्व केवळ पारशांनाच देण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. १९६०च्या दशकात या शहरात दक्षिण भारतीयांविरुद्ध झालेली आंदोलने आणि २००८ मध्ये रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना झालेली मारहाण यांकडे चर्चा वळू लागली, तोच संयोजकांनी डबे गार होत असल्याची घोषणा केली. विषय तेथेच तुटला आणि जेवणानंतर परकीय चलनाच्या कार्डाची जाहिरात सुरू झाली. साडेचार हजारांत ती तरी टाळता आली असती.

सभागृह स्वच्छ आहे, लिफ्ट चालते, चहा बरा असतो. ध्वनिक्षेपक मात्र खरखरतो, त्यामुळे पुढे बसावे. जर्मनी, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी हा वर्ग जरूर करावा आणि इतिहासाचे सत्र कोण घेणार आहे ते नोंदणीपूर्वी फोन करून विचारून घ्यावे, कारण दर तुकडीला प्रशिक्षक बदलतात. कॅनडाला जाणाऱ्यांनी सध्या तरी पैसे वाचवावेत. हस्तपुस्तिकेविषयीचे आक्षेप मी लेखी दिले आहेत. नव्या आवृत्तीत दुरुस्ती करू, असे कार्यालयाने सांगितले आहे, पण ती आवृत्ती केव्हा येणार हे विचारल्यावर उत्तर मिळालेले नाही.