‘द स्टॅकहाउस फिलिबस्टर’: म्हातारा खाली बसेचना

शुक्रवारची रात्र. व्हाइट हाउसच्या मंडळींना सुट्टीवर निघायचंय, प्रसिद्धी सचिव सीजेच्या वडिलांचा सत्तरावा वाढदिवस आहे, आणि आरोग्यविषयक विधेयकावरचं मतदान तेवढं उरलंय. अशात मिनेसोटाचे ७८ वर्षांचे सिनेटर स्टॅकहाउस बोलायला उभे राहतात ते बसतच नाहीत. मतदान अडवायला असं बोलतच राहणं म्हणजे फिलिबस्टर. ‘द वेस्ट विंग’ या अमेरिकी मालिकेच्या दुसऱ्या सीझनचा हा १७वा भाग, मार्च २००१मधला. आधीचे भाग पाहिले नसतील तरी अडत नाही.

आपल्याकडे कुठल्या विषयाला किती वेळ हे कामकाज सल्लागार समिती ठरवते, आणि वेळ संपली की अध्यक्ष घंटी वाजवतात. अमेरिकी संसदेच्या सिनेट या सभागृहात तसं नाही. एकदा बोलायची पाळी मिळाली की सभासद स्वतः थांबेपर्यंत तो हक्क त्याचाच. चर्चा बंद पाडायची तर १६ सह्यांचा अर्ज, मध्ये कामकाजाचा एक दिवस आणि मग ६० मतं. शुक्रवारी रात्री हे कुठून जमणार? म्हणून सगळे खोळंबलेत, आणि आजोबा सभागृहात पाककृती आणि पत्त्यांच्या खेळाचे नियम वाचून दाखवताहेत.

हे सगळं आपल्याला कळतं ते सीजे आणि तिचे सहकारी जॉश व सॅम घरी लिहीत असलेल्या ईमेलमधून. नियम समजावणं ही मालिकांची जुनी डोकेदुखी. इथे मुलगी बापाला लिहितेय, त्यामुळे ते शिकवणी वाटत नाही. स्टॅकहाउसना ऑटिझमसाठी ४ कोटी ७० लाख डॉलर हवे होते आणि त्यांना वाटेला लावलं गेलं होतं, हे आधी येऊन जातं. खरं कारण मात्र जॉशची सहायक डोना हिच्या लक्षात येतं: त्यांच्या एका नातवाला ऑटिझम आहे.

मग येते भागातली सर्वांत देखणी खेळी. प्रश्न विचारायला दुसऱ्याला वाव दिला तर भाषणाचा हक्क जात नाही. राष्ट्राध्यक्ष बार्टलेट अशा सिनेटरांना गाठतात जे स्वतः आजोबा आहेत. पहिला उठतो, लांबलचक प्रश्न सुरू करतो, आणि म्हाताऱ्याला खाली बसून दम खायला मिळतो. स्टॅकहाउस झालेल्या जॉर्ज को यांचा तेव्हाचा चेहरा बघाच.

चूकही नेमकी इथेच आहे. प्रश्न चालू असतानाही बोलणाऱ्याला उभंच राहावं लागतं. बसला की हक्क गेला. २०२५मध्ये खरेखुरे सिनेटर कोरी बुकर २५ तासांहून जास्त बोलले तेव्हा खुर्चीच हलवली होती, आणि सहकाऱ्याच्या प्रत्येक प्रश्नाआधी ‘हक्क राखून वाव देतो’ हे ते न चुकता म्हणत होते. पाणी प्यायला बंदी, हेही भागात जरा ताणलंय. सिनेटमध्ये पाणी आणि दूधसुद्धा चालतं. शौचालयाची अडचण मात्र शंभर टक्के खरी.

सीजेच्या हातून फुटलेल्या इजिप्शियन मांजराच्या मूर्तीचा विनोद दोन प्रसंगांत संपायला हवा होता. व्हाइट हाउसचा संपर्क संचालक टोबी याचं उपकथानक मात्र मोबाइलमध्ये डोकं घालून बघू नका: टेक्सासचे उपराष्ट्राध्यक्ष हॉइन्स तेल कंपन्यांवर टीका करायला आपणहून का पुढे होतात, हे त्याला खटकतं. उत्तर इथे मिळत नाही. ते पुढच्या भागात आहे, तेव्हा दीड तास हाताशी ठेवूनच बसा.