पॉइंटचं कार्ड घ्यावं की कॅशबॅकचं? परभणीतून पाहिलं तर

दोन्ही प्रकारची क्रेडिट कार्डं वापरतोय. एक वार्षिक फीचं, खर्चावर पॉइंट देणारं, जे नंतर वस्तू किंवा व्हाउचर घ्यायला वापरता येतात. दुसरं बिनफीचं, खर्चाच्या १ टक्का रक्कम बिलातच वळती करून देणारं. कोणतं घ्यावं हे मित्र विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट. बिल दर महिन्याला पूर्ण भरणं जमणार असेल तरच पुढचं वाचा. पगार कधी पडेल याचा भरवसा नाही, किंवा सोयाबीन विकल्याशिवाय हातात पैसा येत नाही, अशांनी दोन्हींपासून लांब राहिलेलं बरं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, तर २० हजार रुपये महिनाभर थकले की आठशेच्या वर गेलेच.

पॉइंटच्या कार्डावर आकडा मोठा दिसतो, आणि माणूस तिथंच भुलतो. समजा दर १५० रुपयांना २ पॉइंट मिळतात आणि एका पॉइंटची किंमत २५ पैसे. महिन्याला २० हजार खर्च केला तर वर्षाला ३,२०० पॉइंट, म्हणजे ८०० रुपये. त्यातून ४९९ रुपये फी आणि तिच्यावरचा जीएसटी वजा करा. पॉइंट वापरायलाही बऱ्याच बँका ९९ रुपये अधिक जीएसटी घेतात, तेही काढा. हातात राहतात शंभराच्या आतच. तेवढ्याच खर्चावर १ टक्क्यानं २,४०० रुपये होतात. ठरावीक खर्च केला की फी माफ होते हे खरं, पण तरी पारडं फारसं हलत नाही.

पेट्रोलचा मोह धरू नका. परभणीतलं पेट्रोल महाग म्हणून पेपरात बातम्या येतात, त्यामुळं वाटतं की निदान तिथं तरी कार्डानं हात द्यावा. पण इंधनावर बहुतेक कार्डं पॉइंटही देत नाहीत आणि कॅशबॅकही नाही. कार्डानं पेट्रोल भरल्यावर लागणारा १ टक्का जादा आकार, म्हणजे सरचार्ज, तेवढा माफ होतो, म्हणजे जो लागायलाच नको होता तो लागत नाही, एवढंच.

माझं मत फिरलं ते पॉइंट वापरायला बसलो तेव्हा. बँकेच्या पोर्टलवर वस्तूंची भली मोठी यादी. त्यातला एक कुकर घरच्यांना पसंत पडला. पिनकोड टाकला ४३१४०१, तर लाल अक्षरात उत्तर, या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही. मिक्सर पाहिला, तेच. बॅग पाहिली, तेच. आता ४३१४०१ म्हणजे काही डोंगरातली वाडी नाही, जिल्ह्याचं ठिकाण आहे. एरवी ऑनलाइन मागवलेलं सगळं घरपोच येतं, मग याच यादीला परभणी का वर्ज्य, कोण जाणे. राहिली व्हाउचरं. त्यातल्या निम्म्या ब्रँडांची दुकानं आमच्याकडं नाहीतच. ५०० रुपयांचं व्हाउचर वटवायला संभाजीनगरच्या मॉलपर्यंत जायचं, आणि तेही एकाच बिलात संपवायचं, उरलेले परत नाहीत. कस्टमर केअरवाल्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं की सर, पॉइंट अजून दोन वर्षं चालतील. कॅशबॅकच्या कार्डावर हा व्याप नाही. पुढच्या बिलात रक्कम वजा होऊन येते, कुणाला विचारावं लागत नाही.

दुकानातला अनुभव मात्र दोन्ही कार्डांना सारखाच. फ्रिज घ्यायला गेलं की मालक म्हणणार, ‘कार्डावर दोन टक्के वर लागतील, भाऊ.’ ४० हजारांच्या फ्रिजवर ८०० रुपये, म्हणजे वरच्या हिशोबातले वर्षभराचे पॉइंट एका स्वाइपमध्ये साफ. अशा वेळी कार्ड खिशातच ठेवावं.

सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंत त्याचं शुल्क नाही, त्यामुळं तो कुरकुर करत नाही. अडचण एवढीच की गल्लीतल्या किराणावाल्याचा क्यूआर पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या बचत खात्याचा असतो. तिथं क्रेडिट कार्ड चालत नाही, व्यापारी क्यूआर लागतो. तरी कॅशबॅकचं कार्ड रुपेवर मिळत असेल तर तेच मागा. फक्त यूपीआयच्या खर्चावर किती टक्के मिळणार तेवढं अटींमध्ये बघून घ्या, तो दर बऱ्याचदा वेगळा असतो.

पॉइंटचं कार्ड सगळ्यांनाच तोट्याचं आहे असं मी म्हणणार नाही. कामानिमित्त वरचेवर विमानानं जाणाऱ्याला विमानतळावर बसायला लाउंज मिळतं, पॉइंट एअर माइल्समध्ये, म्हणजे विमान तिकिटाला चालणाऱ्या पॉइंटमध्ये, बदलले तर किंमतही बरी येते. आम्ही देवगिरी नाहीतर तपोवन एक्स्प्रेसनं मुंबईला जाणारे. आम्हाला लाउंजचं काय? ज्यांची मुलं पुण्यात नोकरीला आहेत त्यांची व्हाउचरंही वाया जात नसतील कदाचित.

पॉइंटचं कार्ड आधीच असेल आणि सोडायचं असेल, तर पुढची फी लागायच्या आत सोडा, आणि अर्जाआधी पॉइंट वापरून टाका. कार्ड बंद झालं की सहसा तेही जातात. थकबाकी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार अर्जापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर बँकेनं तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. फोनवर ‘सर, अजून एक ऑफर आहे’ सुरू झालं की हा नियम तेवढा सांगा.